प्रकल्पासाठी ब्लॉग : आधी विषय, मग जाहिराती

प्रकल्पाच्या ब्लॉगसाठी तुम्ही निवडलेला ‘महाराष्ट्रातील किल्ले’ हा विषय फार मोठा आहे. त्याऐवजी केवळ जुन्नर तालुक्यातील शिवनेरी, चावंड, हडसर आणि जीवधन घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. किल्ल्यांचा इतिहास सर्वत्र मिळतो; परंतु पायथ्याच्या गावाहून परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते, मे महिन्यात टाक्यातील पाणी पिण्याजोगे असते का, हे वाचकाला सहज सापडत नाही आणि तेच शोधत तो तुमच्याकडे येईल. म्हणून प्रत्येक लेखाखाली भेटीची तारीख अवश्य लिहावी. छायाचित्रे स्वतःचीच असावीत.

ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर ब्लॉगसाठी जागा विनामूल्य मिळते. ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्स या सेवेसाठी मात्र वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, १० डॉलर जमल्यावर पत्त्याच्या पडताळणीचा पिन (सांकेतिक क्रमांक) टपालाने येतो आणि १०० डॉलरचा टप्पा गाठल्याशिवाय पैसे हाती पडत नाहीत. त्यामुळे सत्र संपेपर्यंत कमाई होईल, असे गृहीत धरून अहवालाची आखणी करू नये. मित्रांना जाहिरातींवर क्लिक करायला तर मुळीच सांगू नये, कारण त्याने खातेच बंद होऊ शकते. गावातील एखाद्या खानावळीकडून पैसे घेऊन तिची माहिती दिलीत, तर ती जाहिरात असल्याचे लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे.