मृत्युपत्रच करा, ट्रस्ट त्याच्या पोटात घाला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या दादांचा प्रश्न असा : गावाकडं वडिलांनी स्वतः घेतलेली तीन एकर शेती, बेळगावच्या शहापुरात आजोबा-पणजोबांपासूनचं घर, पुण्यात स्वतःच्या कमाईचा फ्लॅट. दोन मुलगे, एक मुलगी. धाकट्याला सेरेब्रल पाल्सी, त्याला व्यवहार कळत नाहीत. सगळ्याचा ट्रस्ट करावा की मृत्युपत्र पुरे?

दादा, सगळ्याचा ट्रस्ट कशाला? हयातीत ट्रस्ट करायचा म्हणजे जमीन-घर आजच विश्वस्तांच्या नावावर करायचं. त्याला नोंदणी लागते, मुद्रांक लागतो, आणि तुमचा पसारा दोन राज्यांत. मृत्युपत्राला मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक, आणि शेवटपर्यंत बदलता येतं.

ट्रस्ट धाकट्यापुरता करा, तोही मृत्युपत्रातूनच. १८८२ च्या ट्रस्ट कायद्यात तशी सोय आहे. त्यात पुण्याचा फ्लॅट घाला. भाडं दरमहा येतं, आणि तो तुमच्या कमाईचा असल्यानं वाटणीचा वाद नाही. विश्वस्त मात्र थोरला एकटा नको, बहीणही हवी. एकाच हातात किल्ली दिली की काय होतं ते आपण गावोगाव बघतोय.

शहापूरच्या घराची गोष्ट वेगळी. ते खरोखर वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्रानं फक्त तुमचा हिस्सा देता येईल. मुलीचा हक्क २००५ पासून मुलाइतकाच आहे, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं तो जन्मानंच मिळतो असं स्पष्ट केलं. "तिला लग्नात दिलंय की" हे कट्ट्यावर ठीक, कोर्टात नाही. पण वडिलांकडून आलेलं सगळंच वडिलोपार्जित नसतं. वडिलांची स्वकष्टार्जित शेती त्यांच्यामागं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसानं आली असेल, तर तुमचा वाटा तुमचाच. तुमची भावंडं असतील तर आधी उताऱ्यावर कुणाकुणाची नावं लागलीत ते बघा.

आता खरी गोम भाषेची. आमच्या काकांचं मृत्युपत्र लिहिणाऱ्यानं कन्नडात लिहिलं. काका मराठी शाळेत चौथी शिकलेले, सही मोडीवळणाची. ते गेल्यावर थोरला चुलतभाऊ उभा राहिला : "अण्णांना कन्नड वाचताच येत नव्हतं, मग सही कशावर केली?" दोन साक्षीदारांपैकी एक वारलेला, दुसरा गोव्यात. सहा वर्षं तारखा चालल्या. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याच्याशी स्पर्धा नको.) मृत्युपत्राभोवती संशय असेल तर तो फेडायचं काम ते पुढं करणाऱ्याचं, हे सुप्रीम कोर्टानं १९५८ सालीच म्हैसूरकडच्या एका खटल्यात सांगून ठेवलंय.

म्हणून तुम्ही मराठीतच लिहा. कन्नडात असलं तरच चालतं हा गैरसमज आहे. सब-रजिस्ट्रारना मराठी येत नसेल तर ते फार तर कन्नड भाषांतर जोडायला सांगतील. कन्नडातच करावं लागलं, तर "मजकूर मला मराठीत वाचून समजावला" असं शेवटी लिहा आणि कुणी समजावला त्याची सही घ्या.

साक्षीदार दोन. तुमच्याहून तरुण, गावातलेच, आणि मालमत्तेत ज्यांचं काही नाही असे. त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखलाही घ्या. मूळ प्रत मात्र एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरात ठेवू नका; तुमच्यामागं तो लॉकर उघडायलाच पोरांना आधी कागद गोळा करत बसावं लागेल.