मूळ पुरुष शोधायचा तर जहाजापासून सुरुवात करू नका

ताई, जावयाच्या घरात सांगतात की त्यांचा मूळ पुरुष अगदी पहिल्या काही वर्षांत इंग्लंडहून सिडनीला आला आणि जमीनदार झाला. नातवासाठी वंशावळ लावायची म्हणून तुम्ही जहाजांच्या याद्या चाळल्या, पण हाती काही लागलं नाही. माझ्या सुनेचं माहेर तिकडचंच. तिच्या घराण्याचा शोध मीही जहाजापासूनच सुरू केला होता. एकाच नावाचे तिघे निघाले आणि भलत्याच माणसामागे माझं वर्ष वाया गेलं.

म्हणून उलटे चला. नातवापासून एकेक पिढी मागे जा, आणि कागद मिळाल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्यात येतं त्या प्रांतात, जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ मार्च १८५६ पासून आहे, शेजारच्या व्हिक्टोरियात जुलै १८५३ पासून. मूळ पुरुष बहुधा त्याआधीच वारलेला असणार. पण त्याचा एखादा मुलगा किंवा मुलगी त्यानंतर वारली असेल, तर तो मृत्यूचा दाखला आधी मागवा. त्यात आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, लग्न कुठे झालं, मुलं किती, एवढं सगळं सापडू शकतं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत घराणं सापडतं, तसंच. फक्त माहिती कोणी दिली तो रकाना वाचा. शेजाऱ्याने सांगितलेलं आजोळ चुकू शकतं.

मग न्यू साउथ वेल्सची १८२८ ची जनगणना. तिथे नावासमोर वय, जहाज, आल्याचं वर्ष आणि दोन अक्षरं असतात. ‘सीएफ’ म्हणजे स्वतंत्रपणे आलेला, ‘बीसी’ वसाहतीत जन्मलेला, ‘एफएस’ म्हणजे इंग्लंडहून शिक्षा म्हणून पाठवलेला आणि ती भोगून सुटलेला कैदी.

‘एफएस’ निघालं तर घरच्यांना वाईट वाटेल, पण शोधणाऱ्यासाठी ते भाग्यच! स्वखुशीने आलेल्याचा माग फार थोडा राहतो. कैद्याचा मात्र खटला, शिक्षा, जहाज, सुटकेचा दाखला, सगळं कागदावर उतरतं. सुटकेच्या दाखल्यावर तर उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे वण यांचंही वर्णन सापडतं. खटला लंडनचा असेल तर ओल्ड बेली या तिथल्या फौजदारी न्यायालयाची १६७४ ते १९१३ ची कामकाजं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इतर परगण्यांतल्या मोठ्या फिरत्या न्यायालयांचे कागद लंडनमध्ये क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, छोट्या न्यायालयांचे बहुतेक त्या त्या परगण्याच्या अभिलेखागारात.

जेम्स रूसचंच बघा. कॉर्नवॉलचा हा माणूस १७८२ मध्ये बॉडमिनला शिक्षा झालेला, १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यात ‘स्कारबरो’ जहाजावरून आला. माझी सात वर्षांची शिक्षा भरली, असं तो १७८९ मध्ये सांगू लागला, तेव्हा वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याच्याकडे ते ताडून बघायला कागदच नव्हते, ते इंग्लंडातच राहिले होते. तरी पुढे सिडनीजवळच्या पॅरामाटापाशी त्याला ३० एकर मिळाले. कैद्याला मिळालेली ती पहिली जमीन. कॅम्पबेलटाउनला त्याच्या थडग्याच्या शिळेवर, स्पेलिंगच्या चुकांसकट, कोरलंय की या वसाहतीत मी पहिलं धान्य पेरलं. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, दारुग लोकांची होती, हेही नातवाच्या वहीत लिहा.

तुमच्याकडे ‘जमीनदार’ म्हणतात, तर १७८८ ते १८२५ चे वसाहत सचिवाचे कागद बघायलाच हवेत. अर्ज, माफी, जमीन, सगळं त्यात आहे. सूची ऑनलाइन आहे. त्याआधी जावयाच्या आजीला फोन करा. घरात जुनं बायबल असेल तर त्याच्या पहिल्या पानांचे फोटो मागवा, जन्मतारखा बऱ्याचदा तिथेच लिहिलेल्या असतात.