माहिती अधिकार टाकून ग्रामपंचायतीतला भ्रष्टाचार खरंच कमी होतो का?

होतो, पण तुम्ही मागता काय त्यावर आहे. मी तासगाव तालुक्यातला. इथं बरेच जण 'पाच वर्षांचा सगळा जमाखर्च द्या' असा अर्ज टाकतात. मग पानाला २ रुपये भरून पोतंभर झेरॉक्स घरी येते आणि गडी गप्प बसतो. (अर्ज मागं घ्यायचेच पैसे घेणारी जमात वेगळी, ती सोडा.)

एकच काम धरा, समजा वस्तीवरचा काँक्रीट रस्ता. त्याचं इस्टिमेट, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि बिल, बास. टक्केवारी तिथंच मुरते. कागदावर जाडी १५ सेंटिमीटर, जमिनीवर दहाही भरत नाही, पण एमबीवर सही पडली की बिल निघालं. २००५ च्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचा हक्कही आहे, तो फारसं कुणी वापरत नाही. शेजारच्या गावात पोरांनी पाहणीचा अर्ज दिला, तर तारखेच्या आधीच ठेकेदारानं साइडपट्टीला मुरूम ओढून कड बुजवली. पोरांनी खोऱ्यानं मुरूम ओढला आणि सगळ्यांसमोर टेप लावली. बिल अडकलं.

आकडे चारचौघांत आले की फरक पडतो. युगांडात १९९१ ते ९५ मध्ये शाळांच्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचायचे. किती पैसे सोडले ते सरकार पेपरात छापू लागलं, पुढं हा आकडा ८० च्या वर गेला. सगळं श्रेय पेपरला द्यावं का, यावर अभ्यासकांत वाद आहे.

आपल्याकडं ते चारचौघं म्हणजे ग्रामसभा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा. तेवढी माणसं येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग दहा जणांत ठराव, आणि सह्यांची वही घरोघर.

खरी अडचण भावकीची. अर्ज पडला की संध्याकाळी चुलता दारात, "आपलीच माणसं हायत रं." म्हणून चार आळ्यांतल्या चौघांनी वेगवेगळ्या कामांचे अर्ज टाका. कारण लिहू नका, कायदा ते विचारत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पंचायत समितीत पहिलं अपील करा. तिथं नीट भांडा, कारण पुढचं अपील राज्य माहिती आयोगाकडं, आणि त्याच्या आमच्या पुणे खंडपीठात तारीख लवकर लागत नाही.