वाचक विचारतात : इटलीत राहिलेली नावं, लंडनहून आलेला आवाज

प्रश्न : आमचे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते. १९४४ साली इटलीत कामी आले, एवढंच घरात माहीत आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकलं, काही निघालं नाही. कबर कुठे असेल?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : कबर बहुधा नसेलच. हिंदू जवानांना शक्य तिथे अग्नी दिला जाई, म्हणून नाव शोधायचं ते स्मारकावर. इटलीत अशी तीन दहनस्मारकं आहेत : सांग्रो नदीकाठी (५०० हून अधिक नावं), फोर्लीच्या भारतीय सेना युद्धस्मशानात आणि रिमिनीच्या गुरखा स्मशानात. ज्यांचा अंत्यसंस्कार कुठे झाला हेच कळलं नाही, त्यांची नावं कॅसिनो स्मारकावर. तुमच्याच जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले, ती घेतली आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या माणसालाही कबर नाही. नाव कॅसिनोला आहे.

शोध फसतो तो बहुतेकदा स्पेलिंगपायी. नावं कारकुनाने कानाला लागली तशी इंग्रजीत उतरवली. कित्येकांचं आडनाव नोंदलेलंच नाही. तेव्हा आडनावाचा रकाना रिकामा सोडा. दुसरं महायुद्ध, भारतीय सेना, देश इटली एवढंच निवडा. रेजिमेंट घालायची तर मराठाचं स्पेलिंग तेव्हाचं द्या : एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. ‘एच’ राहिला की यादी कोरी येते. आलेली यादी उतरवून घ्या आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव शोधा. जिल्हा मात्र तेव्हाच्या ‘कुलाबा’ या नावाने पाहा, रायगड नव्हे. सिंधुदुर्गकरांनी रत्नागिरी पाहावा.

घरात पदकं असतील तर अर्धं काम झालंच. भारतीय जवानांच्या पदकांवर क्रमांक आणि नाव ठोकलेलं असे : गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या पाठीवर. (ब्रिटिश जवानांची तीच पदकं कोरी दिली गेली.) ब्रासोने घासू नका, अक्षरं जातात. तिरपा उजेड पाडून फोटो घ्या. तो क्रमांक, बटालियन, वडिलांचं नाव, गाव आणि तालुका लिहून बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री अभिलेख कार्यालयाला पत्र पाठवा. क्रमांकाशिवाय पाठवलेलं पत्र सहसा वाया जातं, कारण एकाच नावाचे अनेक निघतात.

प्रश्न : युद्धकाळात लंडनहून मराठी बातम्या लागत, असं आजी सांगे. तो आवाज आज ऐकायला मिळेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजीचं बरोबर आहे. बीबीसीचं मराठी प्रसारण १९४२ मध्ये सुरू झालं. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल तिथे नोकरीला होते. त्यांनी लिहिलेली साप्ताहिक युद्धवार्तापत्रं मराठीतूनही जात. आणि त्यांच्या सोबत काम करत होत्या तुमच्याच भागातल्या, शिरोळच्या वेणू चितळे. ऑर्वेलचं नाव सगळ्यांना ठाऊक, वेणूताईंचं त्यांच्या गावाबाहेर किती जणांना? याचं वाईट वाटतं.

आवाज मिळण्याची आशा कमी. बहुतेक कार्यक्रम थेट जात. सेन्सॉर बटणावर हात ठेवून बसलेला असे आणि मजकूर संहितेबाहेर गेला की प्रक्षेपण तोडे. पण याच धाकामुळे संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे आणि ती फायलीत राही. म्हणून ध्वनिमुद्रण मागण्याऐवजी रेडिंगजवळच्या कॅव्हरशमच्या बीबीसी लेखी अभिलेखागाराला व्यक्तीचं नाव, भाषा आणि महिना देऊन संहिता मागा.

घरात त्या काळची काळी लॅकरची (रोगणाचा लेप दिलेली) ध्वनिमुद्रण तबकडी सापडली तर ग्रामोफोनवर चढवू नका. पोलादी सुई एका फेरीत खाचा खरवडते. वर पांढरट थर दिसला तर ती बुरशीच असेल असं नाही. लॅकरमधला एरंडेलाचा अंश फुटून वर येतो. स्पिरिटने पुसू नका, लॅकर विरघळतं. काहींचा गाभा काचेचा असतो, तेव्हा तबकडी उभीच ठेवा, दोन्ही हातांनी कडेला धरा आणि ध्वनिमुद्रण जतन करणाऱ्या संस्थेकडे न्या. काही तबकड्या आतून बाहेर वाजतात, हेही त्यांना आधीच सांगा.