काठावरची राज्ये, मतदारांचा कल आणि मतदारांचा कौल

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल मराठीत लिहिताना 'स्विंग स्टेट'ला, म्हणजे ज्याचा निकाल कुठल्याही पक्षाकडे जाऊ शकतो अशा राज्याला, काय म्हणावे? प्रश्नकर्त्यांनी 'दोलायमान राज्य', 'झुलते राज्य' आणि 'निर्णायक राज्य' असे तीन पर्याय दिले आहेत. सोबत एक वाक्य तपासायला दिले आहे: "ताज्या चाचणीत आयोवाचा कौल कमला हॅरिस यांना."

मला त्या वाक्यातला 'कौल' जास्त खटकतो. पण आधी राज्यांचे बघू.

मराठीत दोलायमान होते ते मन. काय करावे ते ठरत नाही, आज इकडे तर उद्या तिकडे, अशी ती अवस्था. हे विशेषण राज्याला लावले की तिथले लोक अजून विचारच करत आहेत असे वाचकाला वाटते, आणि वस्तुस्थिती बहुधा उलट असते. विस्कॉन्सिन घ्या. मिलवॉकी आणि मॅडिसन ही शहरे पक्की डेमोक्रॅटिक, तर मिलवॉकीला लागूनच असलेल्या वॉकेशा काउंटीत रिपब्लिकनांचे वर्चस्व. बहुसंख्य मतदारांचा पक्ष वर्षानुवर्षे ठरलेला. फक्त दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी येते. २००० ते २०२४ या काळातल्या सातपैकी पाच निवडणुकांत तिथला निकाल एका टक्क्याच्या आतल्या फरकाने लागला. २०१६ मध्ये ट्रम्प २२,७४८ मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन २०,६८२ मतांनी. आणि याच राज्याने १९८८ ते २०१२ अशा सलग सात निवडणुकांत डेमोक्रॅटिक उमेदवारालाच निवडले होते! २००० मध्ये अल गोर तिथे जेमतेम ५,७०८ मतांनी तरले. म्हणजे राज्य कुठेही झुलले नाही, दोलायमानही नव्हते, तरी त्या वर्षी ते अस्सल 'स्विंग स्टेट' होते.

खरोखर झुलले ते आयोवा. २००८ मध्ये ओबामांना तिथे नऊ टक्क्यांहून जास्त आघाडी होती, आणि आठच वर्षांनी जवळपास तेवढीच आघाडी ट्रम्प यांना मिळाली. 'झुलते राज्य' म्हणायचेच असेल तर ते अशा राज्याला म्हणावे.

'निर्णायक'चे काय? निकालानंतर तो शब्द चालेल, आधी नको. नॉर्थ कॅरोलिनात २०२० मध्ये दीड टक्क्याहूनही कमी फरक होता, पण ते राज्य हातचे जाऊनसुद्धा बायडन यांनी ५३८ पैकी ३०६ इलेक्टोरल मते (राज्याराज्यांच्या वाट्याला येणारी, अध्यक्ष ठरवणारी मते) मिळवली. लढत चुरशीची झाली, निर्णय मात्र दुसरीकडे लागला.

म्हणून मी 'काठावरची राज्ये' असे लिहितो. हा शब्द घडवावा लागत नाही. काठावर पास झालेला मुलगा, काठावरचे बहुमत, हे आपण रोज बोलतो, आणि त्यात नेमका हाच अर्थ आहे: थोडे इकडचे तिकडे झाले असते तर निकाल फिरला असता. अमेरिकेतल्या ४८ राज्यांत आणि राजधानीत ज्याला एक मत जास्त त्याला तिथली सगळी इलेक्टोरल मते मिळतात. फक्त मेन आणि नेब्रास्का त्यांची विभागणी करतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात लाखो मतांनी जिंकलात काय नि हजार मतांनी जिंकलात काय, पदरात तेवढेच. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते जास्त पडली होती. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तिन्ही राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या फरकाने ट्रम्प पुढे राहिले आणि अध्यक्ष झाले.

'दोलायमान' टाकून मात्र देऊ नका. ज्या मतदाराचे ठरलेले नाही त्याच्यासाठी तो राखून ठेवा. बोलीत लिहायचे असेल तर 'तळ्यात-मळ्यात असलेला मतदार' कुणालाही समजेल.

आता कौल. मूळ अरबी शब्द, अर्थ दिलेला शब्द, वचन. शिवकाळात आणि पेशवाईत रयतेला अभय आणि जमिनीच्या अटी लिहून देत तो कौलनामा. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तो हाच. मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी पडली की देवाने उजवा कौल दिला. मग 'आज उजवा दिलाय, उद्या बदलेल' असे कुणी म्हणत नाही. कौल मागायचा असतो आणि दिला की मानायचा असतो. म्हणूनच मतमोजणी संपल्यावर 'जनतेचा कौल' म्हणणे शोभते.

चाचणीत दिसतो तो कल. भिंतीला कल असतो, दिवस कलतो, नाव एका अंगाला कलते. कलणे वेगळे आणि कलंडणे वेगळे, हा फरक मराठीने जपला आहे आणि निवडणुकीच्या बातमीत तो फार कामाचा आहे. मतमोजणीच्या सकाळी आपल्या वाहिन्या 'सुरुवातीचे कल' दाखवतात तेव्हा त्या शब्द अगदी नेमका वापरतात: झुकाव दिसतोय, निकाल अजून यायचा आहे.

तुमच्या वाक्यातली आयोवाची चाचणी 'डे मॉइन रजिस्टर' या आयोवातल्या वृत्तपत्रासाठी जनमत चाचण्या घेणाऱ्या ॲन सेल्झर यांनी केली होती. मतदानाच्या तीन दिवस आधी ती प्रसिद्ध झाली. हॅरिस ४७, ट्रम्प ४४. सेल्झर यांचे नाव इतके मोठे की चर्चेचा सगळा रोखच फिरला. प्रत्यक्षात ट्रम्प आयोवात १३ टक्क्यांनी जिंकले. आता हा कौल म्हणायचा तर आयोवाने दिलेला शब्द तीन दिवसांत फिरवला, असा अर्थ होतो. आयोवाने शब्द दिलाच नव्हता. त्याने शब्द दिला तो ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. त्या चाचणीतून कलाचा एक अंदाज निघाला होता आणि तो अंदाज सपशेल चुकला.

याच संदर्भात 'मार्जिन ऑफ एरर'चे 'चुकीचे प्रमाण' असे भाषांतर वाचनात येते. त्यातून चाचणी करणाऱ्यांनी काही गफलत केली असा समज होतो. हजारेक लोकांना विचारून लाखोंचा अंदाज बांधला की आकडा तीन टक्के इकडेतिकडे होणारच. मराठीत सरळ 'तीन टक्के अधिक-उणे' म्हणावे. हे अधिक-उणे प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागू असते, हेही बातमीत यायला हवे. ४८ विरुद्ध ४६ असे चित्र असताना पहिला ४५ वर आणि दुसरा ४९ वर असू शकतो. अशा वेळी 'दोन टक्क्यांची आघाडी' हा मथळा वाचकाची दिशाभूल करतो. 'लढत अटीतटीची' एवढेच खरे.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. १६ जानेवारी १९६७ रोजी, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर तिथे मतदान झाले. त्याला 'ओपिनियन पोल' म्हणतात आणि मराठीत 'जनमत कौल'. ते सर्वेक्षण नव्हते. विलीनीकरणाच्या विरोधात ३४,०२१ मते जास्त पडली आणि प्रश्न निकाली निघाला. तिथे 'कौल' शंभर टक्के बरोबर आहे. वृत्तपत्रासाठी केलेल्या फोनवरच्या सर्वेक्षणाला तेच नाव देऊ नये. त्याला 'जनमत चाचणी' किंवा 'मतदानपूर्व चाचणी' म्हणा.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन: "ताज्या चाचणीनुसार आयोवाचा कल हॅरिस यांच्याकडे." आणि शेजारी अधिक-उण्याचा आकडा देईन.

काठावरच्या राज्यांची यादी देताना साल जरूर घाला. फ्लोरिडा २००० मध्ये ५३७ मतांवर अडले होते आणि सगळा देश तिथल्या फेरमोजणीकडे डोळे लावून बसला होता. २०२४ मध्ये तिथे फरक १३ टक्क्यांचा होता. ओहायोही आता त्या यादीत नाही. २०२४ साली त्या यादीत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा ही सात राज्ये होती. २०२८ ची यादी वेगळी असू शकेल.