लपवून आणू नकोस, पोरी

पोरी, तुझा मेसेज रात्री अकराला वाचला आणि मग झोपच लागली नाही. दत्तक घ्यायचं तुम्हा दोघांचं पक्कं आहे, त्यावर मी काही बोलत नाही. पण खाली लिहिलंयस की सहा महिने पुण्याला नणंदेकडे राहते आणि बाळ घेऊनच धुळ्याला येते, म्हणजे गल्लीत कुणाला कळणार नाही, बाळालाही नाही. हे करू नकोस. लपवून आणू नकोस.

आमचा मुलगाही दत्तकच, 1996 ला आला, चार महिन्यांचा. संस्थेतल्या ताईंनी निघतानाच सांगितलं होतं, याला लहानपणापासून सांगत राहा. मी मान हलवली आणि एसटीत बसल्यावर विसरले, म्हणजे खरं तर विसरले नाही, घाबरले. सासूबाई म्हणाल्या, कोणले सांगू नका, आणि मला तेच ऐकायचं होतं. शाळेत जायला लागला की सांगू, चौथी झाली की सांगू, असं करत पोरगा अकरा वर्षांचा झाला.

मग त्या श्रावणातली कानबाई, आपल्या खान्देशातला देवीचा सण. तुला माहितीये, आपल्याकडे रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेतात आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. सासूबाईंनी त्याच्या नावाची मूठ दरवर्षी घेतली, हे मी आजही ठासून सांगेन. पण त्या वर्षी भाऊबंदांतलंच एक माणूस त्याच्यासमोर बोललं, याची मूठ कशाला, हा आपल्या कुळाचा थोडाच आहे. पोरगा गप्प. रात्री ओट्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, सगळ्यांना माहिती होतं?" मी तुझा आहे का, असं नाही विचारलं गं त्यानं. सगळ्या गल्लीला माहीत असलेली त्याची गोष्ट त्याला एकट्यालाच माहीत नव्हती, ते लागलं त्याला. पुढची दोन वर्षं त्यानं रोटाला हात लावला नाही.

तू म्हणशील काकू, तुमचा काळ वेगळा होता. होताच. आम्हाला विचारायला कुणी नव्हतं, आणि मी त्याला काही कमी केलं नाही, तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलेय. पण जीव लावला म्हणून खोटं माफ होत नाही, हे कळायला मला फार उशीर झाला.

आणि तो सुरतचा ओळखीचा माणूस, जो दवाखान्यातून परस्पर बाळ देतो म्हणतो? अगं, डोकं ठिकाणावर आहे का? ही तीच लपवालपवी, फक्त पैसे देऊन. असं परस्पर बाळ घेणं जेजे ॲक्टखाली, म्हणजे बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि विकत घेतलं असं ठरलं तर पाच. बाळ सोडणाऱ्या आईला कायद्यानं विचार बदलायला 60 दिवस मिळतात, त्या माणसाच्या हिशेबात त्या बाईचे 60 दिवस कुठे आहेत? उद्या लेकरानं विचारलं मी कुठून आलो, तर काय दाखवशील?

कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर रजिस्टर करा, या आठवड्यातच. सोशल वर्कर घरी येऊन होम स्टडी करतील, तो रिपोर्ट तीन वर्षं चालतो, आणि लहान बाळासाठी कधी कधी तेवढी वर्षं लागतातही. दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या वर गेली की दोन वर्षांच्या आतलं बाळ मिळत नाही, म्हणून घाई करतेय. बाळाची माहिती आली की 48 तासांत ठरवायचं असतं, तेव्हा सासू-सासऱ्यांशी जे भांडायचं ते आत्ताच भांडून घे. दत्तकाचा आदेश 2022 पासून कोर्टाऐवजी कलेक्टर देतात. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी घरी बघायला येतात, आता सांग, गल्लीपासून काय लपवणार आहेस?

बाळ आलं की पहिल्या दिवसापासून सांग. दूध पाजताना, अंघोळ घालताना, तुला आणायला आम्ही कसे गेलो, बाबाच्या हातातली दुपट्याची पिशवी गाडीतच राहिली, असलं काहीही. त्याला कळणार नाही, माहितीये. तुझी जीभ वळायला हवी म्हणून सांगायचं. माझी अकरा वर्षं वळली नाही.

आमचा म्हणतो, तिला माझा नंबर दे, मी बोलतो. दिलाय खाली. पण आधी त्या सुरतवाल्याला नाही म्हण, आजच, आणि म्हटलंस की मला मेसेज टाक, कितीही वाजले तरी.