सॉकेटवर कधी अर्धाच मेसेज येतो, कधी दोन चिकटून येतात. स्लीप टाकल्यावर नीट चालतंय. तसंच ठेवू का? आणि थ्रेड वापरू की सिलेक्ट?

ठेवू नका. स्लीपने, म्हणजे प्रोग्रॅमला नुसतं थोडं थांबवल्याने, काहीही दुरुस्त झालेलं नाही.

सॉकेटवरचा डेटा नेणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलला तुमचा मेसेज म्हणजे काय ते माहीतच नसतं. तो फक्त बाइट्स क्रमाने पोचवतो. १९८१ च्या आरएफसी ७९३ पासून (टीसीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज) हे असंच आहे. तीनदा सेंड केलं म्हणून पलीकडे तीनदाच रिसीव्ह होईल, असं कुठेही म्हटलेलं नाही.

यावरून माझं एका जुन्या नोकरीत सीनियरशी वाजलं होतं. यंत्रांकडून येणारे रेकॉर्ड सर्व्हरवर मध्येच तुटायचे. "नेटवर्क स्लो आहे" म्हणून त्यांनी दोन सेंडच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचा स्लीप टाकला. मी म्हटलं, प्रत्येक मेसेजच्या आधी त्याची लांबी पाठवू. "पुस्तकी बोलू नकोस, हे चालतंय ना?" असं उत्तर मिळालं, तेही सगळ्यांसमोर. चालत होतं, कारण क्लायंट आणि सर्व्हर एकाच मशीनवर होते. प्रत्यक्षात यंत्रं मोबाइल नेटवर्कवर गेली आणि पुन्हा तेच सुरू झालं. एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मागून आलेला डेटा अडवून धरतो आणि मग सगळा एकदम हातात देतो. तुम्ही मध्ये ठेवलेलं अंतर तिथेच पुसलं जातं. शेवटी लांबीच घालावी लागली, पण त्या मीटिंगमधलं बोलणं कोणी मागे घेतलं नाही.

तर सुरुवातीला चार बाइट्स लांबीचे, बिग-एंडियनमध्ये (सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी). आधी ते चार पूर्ण येईपर्यंत लूपमध्ये वाचा (हो, तेही तुटून येऊ शकतात), मग तेवढा डेटा येईपर्यंत. रिसीव्हने शून्य दिलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय, तिथे लूप थांबवा. नुसता मजकूर असेल तर ओळीच्या शेवटी न्यूलाइनही चालते. टीसीपी_नोडिले लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने नेगल (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवायची पद्धत) बंद होतो, मेसेजच्या सीमा तयार होत नाहीत.

थ्रेडचं म्हणाल तर मोजके क्लायंट असतील तर थ्रेड पुरतात, सिलेक्ट (एकाच थ्रेडमधून अनेक सॉकेटवर लक्ष ठेवणं) लागत नाही.

हो, आलेल्या लांबीला कमाल मर्यादा घाला, नाहीतर कोणीही चार जीबीचा आकडा पाठवून मेमरी खाईल. आणि एचटीटीपी वापरत असाल तर यातलं काहीच हाताने करू नका, लायब्ररी करते. पण टीममधलं कोणी "स्लीप राहू दे" म्हणालं, तर त्यालाच खराब नेटवर्कवर टेस्ट करायला लावा.